उतरवली का?

आमच्या गल्लीत माझ्या धाकट्या भावाला नावाने कोणी ओळखत नाही. पोस्टमनसुद्धा ‘उतरवकाका कुठे राहतात’ असंच विचारतो. हे नाव त्याने स्वतःच्या तोंडाने कमावलं. तो लाकडी धनुष्यं बनवायचा. गल्लीच्या टोकाला क्लबचं मैदान आहे. तिथे लोक त्याचीच धनुष्यं घेऊन सराव करायचे आणि हा खांद्यावर फडकं टाकून कुंपणापाशी जाऊन उभा राहायचा. बाण कुठे लागला, कोण जिंकलं, याच्याशी त्याला देणंघेणं नसे. कोणी दमून खाली बसलं की हा ओरडलाच, ‘झालं ना? मग दोरी उतरव.’

धनुष्याच्या बाबतीत एवढी एक गोष्ट कळली की पुरे. दोरी चढवली की लाकूड वाकतं आणि ताणलेलं राहतं. खेळ संपला की दोरीचा फासा वरच्या खाचेतून काढायचा, म्हणजे लाकूड सरळ होतं आणि विसावतं. दोरी तशीच राहिली तर लाकूड हळूहळू वाकलेपणाला सरावतं आणि त्याचा जोर जातो. मग ते धनुष्य उरत नाही, नुसती काठी उरते, तीसुद्धा वाकडी. हे माझा भाऊ इतक्या वेळा सांगायचा की ऐकून ऐकून माझे कान किटले होते. मी म्हणायचे, अरे, लोकांना झोपेतसुद्धा तुझ्या दोऱ्या दिसत असतील.

त्याच्या कारखान्यात, म्हणजे कारखाना म्हणायचा आपला, घराच्या तळमजल्यावरची लांबट खोली ती, तर त्या खोलीत एक नियम होता. दोरी ज्याने चढवली त्यानेच उतरवायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही. हा नियम उगाच आला नव्हता. दोन भावांनी मिळून एक धनुष्य घेतलं होतं. एकाला वाटलं दुसऱ्याने उतरवली असेल, दुसऱ्याला वाटलं पहिल्याने, आणि ते बिचारं उन्हाळाभर माळ्यावर ताणलेलं पडून राहिलं. परत आलं तेव्हा त्याच्यात काही दम राहिला नव्हता. त्या दिवशी माझा भाऊ जेवला नाही. तेव्हापासून तो रोज संध्याकाळी शटर ओढण्याआधी जिन्याकडे तोंड करून मोठ्याने विचारायचा, ‘उतरवली का?’ घरातल्या ज्याने त्या दिवशी दोरी चढवली असेल त्याने जिथे असेल तिथून ‘उतरवली’ असं सांगायचं. ते ऐकू आलं की शटर खाली यायचं.

मी त्याची मोठी बहीण. त्याच घरात राहते. माझं लग्न जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही त्याची फारशी घाई नव्हती. घरात माझं काम दोऱ्यांचं. धाग्यांचे दोन जुडगे करायचे, मेण चोळत चोळत त्यांना पीळ घालायचा, एका टोकाला फासा गुंफायचा आणि दुसरं टोक खालच्या गाठीसाठी मोकळं सोडायचं. माझी दोरी कधी तुटली नाही, हे मी कोणालाही तोंडावर सांगते. नम्रपणा मला जमत नाही.

भाऊ आधी खुर्च्यांच्या कारखान्यात होता. तिथे लाकूड वाफवून खुर्च्यांच्या पाठी वाकवत. एकदा वाकवलेलं लाकूड जन्मभर तसंच राहिलं पाहिजे, हे तिथलं काम. त्याचं मन त्यात कधी रमलं नाही. वाकून पुन्हा सरळ होणारं लाकूड त्याला हवं होतं. क्लबात एक म्हातारा कारागीर होता, त्याच्याकडे सुट्टीच्या दिवशी जाऊन बसू लागला आणि एक दिवस सरळ नोकरी सोडून घरी आला. आमच्या आईने कपाळावर हात मारून घेतला. पुढे तिलाच त्याच्या धनुष्यांचं इतकं कौतुक, की भाजी घ्यायला गेली तरी भाजीवाल्याला सांगून यायची.

वहिनी त्याची गिऱ्हाईक म्हणून आली. धनुष्य माणसाच्या मापाने बनतं. उभं राहून हात किती मागे जातो ते बघायचं, खांद्यात जोर किती ते बघायचं. वहिनी उंचीने बेताची, हात आखूड. एवढ्याशा मापाला कितीसा वेळ लागतो? पण आमच्या शहाण्याने तिला पुन्हा पुन्हा बोलावलं. कधी टेप खोटा निघाला, कधी लाकूड बदलावं लागलं. त्याचा टेप कधी खोटा नव्हता. मी दोरीला पीळ घालत कोपऱ्यात बसलेली असायचे, मला काय दिसत नव्हतं? धनुष्य तयार व्हायच्या आधी लग्न ठरलं. बुटकं, फिकट रंगाचं, मुठीला तांबड्या चामड्याची पट्टी असलेलं ते धनुष्य. पट्टी मी शिवली होती. त्याने पुढे पुष्कळ धनुष्यं केली, पण असं दुसरं झालं नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

त्यांना एकच मुलगी झाली. आम्ही तिला टिल्ली म्हणायचो, कारण तीही आईसारखीच, उंच व्हायचं नावच घेत नव्हती. कॉलेजात गेली तरी बसमध्ये तिचा हात वरच्या दांड्याला पुरत नसे. पण ती मापाने आईची निघाली म्हणूनच आईचं धनुष्य तिच्या हातात चपखल बसलं. वहिनीने तिला मैदानावर नेऊन शिकवलं आणि पुढे धनुष्यच देऊन टाकलं. स्वतःसाठी दुसरं मागितलं नाही. टिल्लीचा नेम आईइतका चांगला नव्हता. जीभ मात्र माझ्यावर गेली होती. संध्याकाळी बापाने विचारायच्या आधीच ती जिन्यातून ओरडायची, ‘उतरवली हो उतरवकाका!’ बाप खालून लटक्या रागाने कानस आपटायचा, आणि वहिनी हसायची.

मग ते साल आलं. मी एका सकाळी धागा आणायला बाजारात गेले होते. टिल्ली सरावाला गेली, लवकर परत आली, धनुष्य खाली खुंटीवर अडकवलं आणि वर जाऊन झोपली. मी आले तेव्हा वहिनी तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होती. संध्याकाळी तिला इस्पितळात हलवलं. ताप मेंदूत गेला आहे, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही आळीपाळीने बाकावर बसलो, आणि मग एका दुपारी बसायचं कारणच संपलं.

घरी आल्यावर भाऊ आधी कारखान्यात गेला. खिडकीशेजारच्या खुंटीवर ते धनुष्य होतं, दोरी चढवलेलं.

त्याने ती उतरवली नाही. पहिले काही दिवस कोणाला सुचलंच नाही. नंतर मी म्हटलं, अरे, उतरवायला हवी ना? तो म्हणाला, माझी नाही ती. महिन्यांमागून महिने गेले, मग वर्षं. शेजारच्या धनुष्यांवरची धूळ तो झटकायचा, याला फडकं लावायचा नाही. ऊन पडू नये म्हणून खिडकीच्या खालच्या काचेला त्याने पुठ्ठा ठोकला. बाकी काही नाही. ज्या माणसाने साऱ्या गल्लीला ‘उतरव, उतरव’ म्हणून हैराण केलं, त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या हातचं सगळ्यात चांगलं धनुष्य रोज थोडं थोडं मरत होतं आणि तो त्याच्याकडे पाठ करून स्टुलांना पाय बसवत होता. नवी धनुष्यं करणं त्याने सोडलं. लोकांना सांगायचा, आता कारखान्यातली हलकी धनुष्यं मिळतात, माझी कोण घेणार. आणि संध्याकाळची हाक त्याने बंद केली. शटर आता काही न विचारता खाली यायचं.

वहिनी तर कारखान्यात पाऊल टाकेना. चहा झाला की जिन्याच्या शेवटच्या पायरीवर कप ठेवायची आणि भिंतीवर टकटक करायची. दोघं भांडत नव्हती. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. जेवताना मीठ हवं का, भाजी हवी का, एवढंच बोलणं. मी मधल्यामध्ये तोंडाची टकळी चालू ठेवायचे आणि रात्री स्वतःवरच चिडायचे.

एक गोष्ट मात्र मी करायचे. दोरी माझी होती. मेण सुकलं की धागा ठिसूळ होतो, म्हणून भाऊ बाहेर गेला की मी चोरून तिला मेण लावायचे. ओळखलं होतं त्याने, कारण एकदा त्या खुंटीखाली मेणाची नवी वडी ठेवलेली दिसली.

पण मेण लावून किती लावणार? यंदा आम्ही तिघं जेवत होतो तेव्हा खालून ‘टप्’ असा आवाज झाला. बारीकच. भावाचा घास हातात राहिला. वहिनीने ताट सरकवलं, उठली आणि जिना उतरून खाली गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आम्ही तिच्या मागे गेलो. ती खुंटीपाशी उभी होती. दोरीतला एक धागा तुटून केसासारखा बाहेर आला होता. तिने हात लावला नाही. मला म्हणाली, वन्सं, अशी ही किती दिवस धरेल? मी खरं ते सांगितलं. एक गेला की बाकीच्यांवर भार येतो. सगळी दोरी एकदम तुटली, तर वाकलेलं लाकूड आवरायला कोणी नसतं. जुनं लाकूड ते, जागच्या जागी फुटून त्याच्या ढलप्या होतील.

वहिनी भावाकडे वळून म्हणाली, उतरवा ती. तो म्हणाला, माझी नाही.

पुढचे काही दिवस मी घर डोक्यावर घेतलं. माझा राग नाकावर असतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण तेव्हा मी त्याला नाही नाही ते बोलले. दगड म्हटलं. एका काडीइतक्या नियमासाठी बायकोचं धनुष्य फोडायला निघालास म्हटलं. तो बसला होता एका स्टुलाचा पाय घासत. घासणं न थांबवता म्हणाला, ‘टिल्लीने वाकवलंय ते, ताई. तिच्या हाताचा तेवढाच जोर राहिलाय या घरात. तो मी सोडून देऊ?’

मी वर गेले आणि उगाच धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

दुसरा धागा तुटला तो रविवारच्या दुपारी. या वेळी मी कारखान्यातच होते, भाऊही होता. वहिनी वरून आली. पदराला हात पुसत ती त्याच्यासमोर, लाकडाच्या ओंडक्यावर, बसली. मग म्हणाली, ‘अहो, त्या दिवशी ही दोरी तिने चढवलीच नव्हती.’

भावाने मान वर केली.

‘तिला वाकवता येईना. पाय घालून बघितलं, पण हात थरथरत होते. मी दंडाला हात लावला तर गरम. मी म्हटलं, कणकण आहे, खेळून घाम आला की उतरेल. तिला म्हटलं सर बाजूला. मीच वाकवलं, मीच फासा वर सरकवला. ती नुसती शेजारी उभी होती. नको जाऊ म्हणायचं सोडून मी धनुष्य तयार करून तिच्या हातात दिलं.’

ती रडली नाही. जी गोष्ट इतकी वर्षं पोटात ठेवली ती बाहेर काढायलाच तिचं सगळं बळ गेलं असावं. रोज कप पायरीवर का ठेवायची, खाली का यायची नाही, ते मला त्या क्षणी कळलं. खुंटीवर तिला लेकीची आठवण दिसत नव्हती, स्वतःचा हात दिसत होता.

भाऊ आता चिडेल असं मला वाटलं. त्याने जपलेला तो जोर लेकीचा नव्हताच, हे ऐकून कोण शांत राहील? तो धनुष्याकडे वळला. मग बोलला, पण तिच्याशी बोलतोय की स्वतःशी, ते समजेना.

‘ती परत आली तेव्हा मी इथेच बसलो होतो. तिने ते खुंटीला लावलं. चेहरा उतरला होता तिचा, मला दिसत होतं. मी काय विचारलं माहीत आहे? उतरवली का. पोर तापाने फणफणलेली, आणि मी दोरीचं विचारलं. ती म्हणाली, थोड्या वेळाने उतरवते, बाबा. म्हणून मी थांबलो होतो.’

बाहेर गल्लीत कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मला रडू आवरेना, आणि मी आवरलंही नाही. दोन माणसं एका छताखाली, एका ताटलीतली भाजी वाटून खाणारी, आणि दोघांनी आपापला दगड आपापल्या उराशी धरून ठेवला होता. तोंड उघडलं असतं तर तो दोघांनी मिळून उचलला असता. हे मी त्यांना तेव्हाच ओरडून सांगणार होते, पण भाऊ उठला आणि त्याने खुंटीवरचं धनुष्य काढलं.

‘तू चढवलीस ना?’ तो वहिनीला म्हणाला. ‘मग तूच उतरव.’

पण आता एकटीने ते तिला जमण्यासारखं नव्हतं. खांदा दुखरा, गुडघेही तसेच. तिने दोरी आणि लाकडाच्या मधून पाय घातला, खालचं टोक दुसऱ्या पावलावर टेकवलं, आणि भावाने वरचं टोक धरून लाकूड सावकाश पुढे दाबलं. दोरी सैल झाली. वहिनीने अंगठ्याने फासा खाचेतून वर ढकलला. इतकी वर्षं बसलेला फासा, चिकटला होता. तिने पुन्हा ढकलला आणि तो निघाला.

एरवी दोरी उतरली की धनुष्य हातात उसळी मारून सरळ होतं. हे हललंच नाही. दोरी खाली लोंबत राहिली आणि लाकूड तसंच वाकलेलं. भावाने ते टेबलावर आडवं ठेवलं आणि त्याच्यावर हात फिरवत म्हणाला, मी मारलं याला. वहिनी म्हणाली, आधी बघा तरी. तिने त्याच्यासाठी दिवा जवळ ओढून धरला. चहा त्या दिवशी पायरीवर आला नाही, टेबलावर आला.

त्यानंतर जे चाललं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते. त्याने पहिले बरेच दिवस त्या धनुष्याला काही केलंच नाही. दोन लाकडी ठोकळ्यांवर आडवं ठेवून दिलं, भिंतीपासून दूर, उन्हापासून दूर. समोरचा दुकानदार म्हणाला, जरा शेक द्या, सरळ होईल. भावाने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो पुन्हा आठवडाभर फिरकला नाही. खूप दिवस कोरडं राहिलेलं लाकूड घाईने शेकलं किंवा घाईने ओढलं की फुटतं. त्याला आधी खोलीतल्या हवेची सवय होऊ द्यायची. मग त्याने कापसाचा बोळा घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला. कुठे तंतू उचललेला असला की कापूस अडकतो. बाहेरच्या बाजूला कुठे अडकला नाही. आतल्या बाजूला, जिथे लाकूड दबून राहिलं होतं, तिथे बारीक सुरकुत्या होत्या. त्याने त्या वहिनीला बोटाने दाखवल्या. ती म्हणाली, माझ्याही आहेत. तो हसला. किती वर्षांनी हसला ते मला आठवत नाही.

तेल लावलं, पुसलं, मुरू दिलं, पुन्हा लावलं. मी नवी दोरी वळायला घेतली. माझी बोटं आता पूर्वीसारखी चालत नाहीत, पीळ उलगडून पुन्हा घालावा लागला, आणि घरातल्या दोघांना त्या आठवड्यात माझी बोलणी खावी लागली. जुन्या दोरीच्या खालच्या टोकाला टिल्लीची गाठ होती. ती नेहमी एक वेढा जास्त घ्यायची, बाप रागवायचा तरी. गाठ सोडवायची म्हटल्यावर भाऊ बाहेर जाऊन उभा राहिला. शेवटी वहिनीने आणि मी ती न सोडवता दोरी टोकावरून तशीच ओढून काढली. आता ती माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. कशाच्याच कामाची नाही. पण डबा आवरताना मी ती दर वेळी परत आतच ठेवते.

नवी दोरी आधी सैल चढवली, म्हणजे लाकूड अगदी थोडंच वाकेल. कारखान्याच्या भिंतीला एक लाकडी खुंटा आणि खाली कप्पी आहे. खुंट्यात धनुष्य अडकवायचं आणि कप्पीतून दोर ओढून ते हळूहळू ताणायचं. पहिल्या दिवशी त्याने ते बोटभर ओढलं आणि सोडलं, पुन्हा ओढलं, पुन्हा सोडलं. वहिनी शेजारी कान लावून उभी. लाकूड करकरलं तर थांबायचं. दुसऱ्या दिवशी त्याहून थोडं जास्त. प्रत्येक वेळी झाल्यावर दोरी उतरवायची आणि वाक किती राहिला ते बघायचं. आधी जेवढा होता तेवढा राहिला नाही. पण गेलाही नाही. एका सकाळी वहिनीच्या मापाच्या अलीकडेच लाकडाने बारीक आवाज दिला. भावाने दोर सोडला आणि म्हणाला, याच्यापुढे नाही. मी विचारलं, म्हणजे अर्धंच? तो म्हणाला, ताई, अर्धं तरी आहे.

मैदानावर आम्ही दुपारी गेलो, तेव्हा तिथे कोणी नसतं. भावाने गवताचं लक्ष्य उभं केलं, नेहमीच्या ठिकाणी. वहिनीने स्वतः दोरी चढवली. आता तिला दुसऱ्याची मदत लागली नाही. पूर्वीचा जोर असता तर लागली असती. तिने बाण लावला, हात उचलला, आणि मला एकदम पाठमोरी टिल्ली दिसली. तोच बुटका खांदा, तीच मान किंचित वाकडी. मी डोळे पुसेपर्यंत बाण सुटला होता. तो वर गेला, खाली आला आणि लक्ष्याच्या कितीतरी अलीकडे गवतात पडला.

पोचला नाही, वहिनी म्हणाली. तिचा हात खाली आला. आता हिने धनुष्य खाली ठेवलं तर ते पुन्हा कधी उचलायची नाही, असं मला वाटलं. भाऊ चालत गेला. बाण उचलायला गेला असेल असं वाटलं. पण तो बाणाच्या पुढे गेला, लक्ष्याला दोन्ही हातांनी मिठी घातली आणि ते जड धूड ओढत, थांबत, धापा टाकत बाणाच्या अलीकडे आणून ठेवलं. मग बाण उचलून तिच्या हातात दिला.

‘आता मार,’ तो म्हणाला.

दुसरा बाण काठाला लागला. तिसरा थोडा आत. वहिनी मध्येच रडत होती आणि मध्येच नाक ओढून पुढचा बाण मागत होती. फार वेळ नाही खेळलो. भावाने थांब म्हटल्यावर ती थांबली.

ती रोज जात नाही, अधूनमधून जाते. धनुष्याचा वाक कायमचा राहिला आहे. दोरी उतरवली तरी ते सरळ होत नाही, जरासं पाठ वाकवून झोपल्यासारखं खुंटीवर असतं. ज्यांना यातलं कळतं ते बघून म्हणतात, काका, हे कोणीतरी चढवलेलंच ठेवलं होतं वाटतं. भाऊ म्हणतो, हो, मीच.

मैदानावरून आलो त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी मी वर भाजी चिरत होते आणि वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. खाली शटरचा साखळदंड खडखडला आणि मध्येच थांबला. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग जिन्यातून त्याची हाक आली.

‘उतरवली का?’

वहिनीच्या हातातली घडी विस्कटली. तिने इतका वेळ लावला, की मीच उत्तर देणार होते. पण नियम तो नियम. शेवटी ती जिन्याच्या कठड्यापाशी गेली.

‘उतरवली,’ ती म्हणाली.

शटर लगेच खाली आलं नाही. तो आणखी थोडा वेळ तसाच जिन्याकडे कान देऊन थांबला. कोणत्या आवाजासाठी ते आम्हा दोघींना ठाऊक होतं. मग शटर खाली आलं.